उलटतपासाची तालीम

"साक्षीदार कोण होतंय?" आदिनाथ वकिलांनी हॉलभर नजर फिरवली. "एक जण पाहिजे. अपघातात जखमी झालेला माणूस व्हायचं. उलटतपास मी घेतो."

पुढच्या रांगेतले वकील एकमेकांकडं बघून हसले. उठेना कोणी.

कैलास मागच्या दाराशी चहाच्या भांड्याजवळ उभा होता. लोणावळ्याच्या त्या हॉटेलात लग्नं, साखरपुडे, कंपन्यांच्या बैठका, सगळ्याची मांडामांड त्याच्याकडं असे. आज पुण्याहून आणि वडगावहून वकील आले होते. रस्त्यावर माणूस जायबंदी झाला की त्याचा भरपाईचा दावा कसा लढायचा, याचं दिवसभराचं प्रशिक्षण होतं. मांडलेल्या खुर्च्या भरल्या होत्या आणि चहाची वेळ टळून गेली होती.

"मी होते, सर," मधल्या रांगेतून आवाज आला.

ती समीक्षा होती. कैलासच्या थोरल्या भावाची, अमृतची मुलगी. वकिलीची परीक्षा पास होऊन वडगावच्या कोर्टात एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली काम करत होती. सकाळी दारात भेटली तेव्हा म्हणाली होती, "काका, सोमवारी पप्पांचा उलटतपास आहे. आज सगळं शिकून घेते." कैलासला तेव्हा बरं वाटलं होतं. आपण मांडलेल्या खुर्चीवर बसणारं घरातलं कोणीतरी निघालं.

"शाबास," आदिनाथ वकील म्हणाले. "पण त्याआधी एक गोष्ट. पक्षकार ऑफिसात आला की त्याला कधीही विचारू नका, कसं आहे. आपल्याकडं याचं उत्तर ठरलेलं असतं. काय असतं?"

"बरं आहे!" सगळा हॉल एका सुरात ओरडला आणि हसला.

"तिरडीवर बांधला तरी म्हणेल बरं आहे. आणि विमा कंपनीचा वकील तेवढं एकच वाक्य कोर्टाला लिहून घ्यायला लावतो. मग तुमचा दावा गेला. म्हणून विचारायचं, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं? मोडतं ते हाड. पण बिघडतो तो दिवस. तो दिवस कोर्टापुढं उभा करता आला पाहिजे. या, मॅडम."

समीक्षा रांगेतून बाहेर आली आणि पुढं चालू लागली. दुसऱ्या पावलालाच कैलासच्या हातातला कप थांबला.

ती दादाची चाल होती. डावा पाय मागून ओढत आणायचा, कंबर जणू दुसऱ्याची आहे अशी जपत न्यायची. सोमाटण्याच्या फाट्यावर एका कंटेनरनं मोटरसायकलसकट फरफटत नेल्यापासून अमृत असाच चालत होता. समीक्षा खुर्चीच्या कडेवर टेकली. नाव विचारलं तर तिनं कुठलंतरी खोटं नाव सांगितलं. बाकीचं सगळं खरं होतं. बोलीसुद्धा घरचीच.

"काल सकाळी उठल्यावर काय केलं?"

"उठायलाच येळ लागतो, सायेब."

"उठून दाखवा."

तिनं गुडघ्यावर हात ठेवला. श्वास घेतला. मग उठायच्या आधी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, चोरानं बघावं तसं, पटकन. कोणी बघत नाही असं बघून मग ती उठली. हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं.

"आणि रात्री?"

"रात्री बायको खाली पलास्टिक हातरती. लघवी कळत न्हाई मला. पोरं उठायच्या आत ती काढून नेती."

टाळ्या पडल्या. आदिनाथ वकील म्हणाले, "याला म्हणतात साक्ष. असा पक्षकार तयार करा."

कैलासला हे माहीत नव्हतं. सख्ख्या भावाचं हे दुखणं त्याला परक्या माणसांच्या टाळ्यांत कळलं.

चहाच्या वेळी तो स्वतः कप भरत होता. एक वयस्क वकील समीक्षाजवळ आला. विमा कंपन्यांच्या बाजूनं उभा राहणारा होता, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. प्रशिक्षणाला दोन्हीकडचे येतात. तो हसत म्हणाला, "फार छान केलंत हो. इतकं बारीक कुठं बघितलंत?"

"घरी," समीक्षा म्हणाली. तोंडभर आनंद होता तिच्या.

त्या वकिलानं तिच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं. सावकाश वाचलं. मग चिक्कीचं पाकीट उचलून तो निघून गेला.

*

रविवारी औंढ्याच्या घरी जेवणं उरकल्यावर समीक्षानं सोप्यात खुर्ची मांडली आणि त्यावर बापाला बसवलं. अंगात काळा कोट चढवला आणि समोर उभी राहिली.

"आता घरात बी कोर्ट भरतंय म्हना की," अमृतचे वडील, भिमाजीआबा, चुना मळत म्हणाले. "मी जज व्हतो. मला कायबी करावं लागत न्हाई, नुसतं बसायचं."

बयाबाई उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. नातीचं तिला कौतुक होतं आणि थोडी भीतीही वाटायची. काळा कोट घातला की पोरीचा आवाज बदलतो, हे तिनं हेरलं होतं.

"पप्पा, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं?"

"काय करनार," अमृत म्हणाला. "उठलो. च्या पिलो."

"उठलात कसे?"

"कसं म्हंजी? उठलो."

"एकटे?"

अमृतनं आईकडं बघितलं. "व्हय."

आत मोरीपाशी त्याच्या बायकोनं, अनितानं, पातेलं आपटलं.

"पप्पा, उद्या असं बोलायचं नाही. कंपनीनं लिहून दिलंय की माणूस बरा झाला, पहिल्यासारखा हिंडतो-फिरतो. त्यांना तेवढंच पाहिजे. खरं आहे ते सांगायचं. माझ्यामागं म्हणा. मला एकट्याला उठता येत नाही."

"मला एकट्याला..."

"ए पोरी!" बयाबाईनं सूप खाली ठेवलं. "घरात न्हाई म्हनायचं असलं. वास्तू तथास्तु म्हनती."

"आजी, ते तसेही एकटे उठत नाहीत गं. वास्तू तथास्तु म्हणून आणखी काय होणार?"

"हाय ते हाय. पर तोंडानं म्हनलं की ठरतं. माझ्या सासूनं ह्या घरात कुनाला मेलं म्हनू दिलं न्हाई. गेला म्हनायचं. तांदूळ संपलं म्हनायचं न्हाई, वाढलं म्हनायचं. आन तू लेकराला माझ्या म्हनायला लावतीस, येत न्हाई, जमत न्हाई?"

"बरं, मग खळ्यावर बसू."

आता आबा उठले. "खळ्यावर? परवा मळनी लावायची हाय. कालच सारवून घेतलंय. लक्षुमीच्या जागी रडगानं गाता व्हय? अजाबात न्हाई."

"घरात नको, खळ्यावर नको," समीक्षा म्हणाली. "मग आबा, माणसानं खरं बोलायचं कुठं?"

"कोर्टात. त्याच्यासाठीच बांधलंय की सरकारनं."

सगळेच हसले. अमृतही हसला. बयाबाईनं ते बघितलं आणि तिला वाटलं, आता राहू द्यावं. हसलेल्या माणसाला पुन्हा त्या खुर्चीवर कशाला बसवा. पण पोरगी ऐकणारी नव्हती. शेवटी बांधापलीकडं, जांभळाखाली बसायचं ठरलं. ती जागा घरात नव्हती आणि रानातही नव्हती. बयाबाईनं स्वतः खुर्ची उचलून नेली.

चालताना तिच्या मनात गोठ्यामागची तार होती. तिथं वाळत घातलेलं प्लास्टिक तिनं कितीदा बघितलं होतं. सुनेनं कधी सांगितलं नाही, तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सुनेला खोटं बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा आपल्याला दिसत नाही असं म्हातारीनं ठरवून टाकलं होतं. वयही तसं होतं, कोणाला खोटं वाटलं नसतं.

*

जांभळाखाली तासभर गेला तरी काही हाताला लागेना.

"पप्पा, मांडी घालून बसता येतं का?"

"खुर्चीवर बरं पडतं."

"बरं हा शब्द उद्या तोंडातून काढायचा नाही म्हटलं ना!"

"आगं पर लोकांनी इचारलं तर काय सांगायचं?" आबा मध्येच म्हणाले. "जज इचारंल, काय आमृत, कसं काय? मग त्यानं काय गप बसायचं? मानूस उर्मट दिसंल."

"आबा, जज असं विचारत नाहीत."

"मग कसला जज त्यो. मानसाची इचारपूस न्हाई."

समीक्षानं कपाळ दाबलं. कालच्या हॉलमध्ये सगळं किती सोपं होतं. आदिनाथ सर विचारत होते आणि तिच्या तोंडून शब्द आपोआप येत होते. ते शब्द ज्याचे होते तो समोर बसून नुसता शर्टाचं बटण चाचपत होता. गुलाबाच्या पॉलीहाऊसवर कितीतरी बायामाणसांना कामाला लावणारा, एका हाकेनं अख्खी शेड हलवणारा माणूस. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरलाही यानं हेच सांगितलं होतं, बरं हाय. डॉक्टरनं मोडलेल्या खुब्याचं लिहिलं आणि बाकीचं कोरं सोडलं. आता ते कोरं राहिलेलं उद्या यानंच तोंडानं भरायचं होतं.

आणि दुसरी गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. काल संध्याकाळी वडगावच्या ऑफिसात येऊन तिनं पप्पांची फाइल उघडली. कंपनीच्या उत्तराखाली ज्या वकिलाची सही होती, तो चहा पिताना तिच्याशी बोललेलाच वकील होता.

अनिता चहा घेऊन आली. सगळ्यांना कप दिले. नवऱ्याच्या हातात कप देताना ती थांबली.

"तासभर ऐकतीय मी आतनं," ती म्हणाली. "अवो, सांगा की पोरीला. कुनापासनं लपवताय? ती काय परकी हाय?"

"अनिता, तू आत जा."

"न्हाई जात. तुमाला सांगाय येत न्हाई तर मी सांगते. लिही गं समीक्षा. ह्यास्नी खाली बसता येत न्हाई, पंगतीला बसता येत न्हाई. भैनीच्या लेकीच्या लग्नात भिताडाला टेकून उभ्यानं जेवलं, आन कुनी इचारलं तर म्हनलं, उपास हाय. रात्री..."

"अनिता!"

"रात्री मी पलास्टिक हातरते. पहाटचं उठून धुते. मंग वलवणला जाते बंगल्यातली भांडी घासायला. माझ्या हाताला वास येतो का म्हून मी तितं बी हात मागं धरते. लिही हे."

बयाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. आबांनी चुन्याची डबी उघडली आणि तशीच मिटली. अमृतच्या हातातला चहा बशीत सांडला.

समीक्षा म्हणाली, "आई, प्लास्टिकचं नको. दुसरं सांग काहीतरी."

"का नगं? खरं हाय ते."

"खरं आहे गं. पण ते नको. तेच दुसऱ्या शब्दांत सांगता येईल का पप्पांना? म्हणजे... गादी वगैरे म्हणा."

"गादी? गादी कुटं हाय आपल्यात? गोधडी हाय."

"काहीही म्हणा, पण प्लास्टिक नको आणि लघवी कळत नाही हे वाक्य नको."

अनितानं पोरीकडं रोखून बघितलं. "सकाळपासनं म्हनतीस खरं बोला, खरं बोला. आन आता खरं आलं तर म्हनतीस दुसरं बोला. कसलं शिक्षान घिऊन आलीस तू?"

"ते मी सांगतो, वयनी."

रस्त्याच्या कडेला मोटरसायकल लावून कैलास उभा होता. कधी आला कोणाला कळलं नाही. वलवणकडची जमीन त्यानं बंगलेवाल्यांना विकली तेव्हापासून आबा त्याच्याशी बोलत नव्हते. आताही त्यांनी तोंड फिरवलं. पण बयाबाईनं आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं नवऱ्यासमोर ते केलं.

कैलास बसला नाही. "समीक्षा, तू सांगतीस का मी सांगू?"

"काका, नको ना."

"मग मीच सांगतो. दादा, काल आमच्या हॉटेलात हिनं तुझी नक्कल केली. समद्या वकिलांम्होरं. तुझं चालनं, तुझं उठनं. आन वयनी आत्ता म्हनल्या ते, शब्दाला शब्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं चहाची भांडी घिऊन उभा व्हतो."

"नक्कल नव्हती ती!" समीक्षा उभी राहिली. "शिकण्यासाठी होतं. मी पप्पांचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, तिथं जमलं तर इथं शिकवता येईल. मला पप्पांचा दावा जिंकायचाय काका, तुम्हाला कळत नाही का?"

"कळतंय. आन त्यो कंपनीचा वकील? त्यानं इचारलं कुटं बघितलं, तू म्हनलीस घरी. त्यो कोन हाय?"

समीक्षा कोटाची बाही ओढू लागली. ते बघूनच आबांनी मान वळवली.

"कोन हाय त्यो?" त्यांनी विचारलं. कैलासला नाही, नातीलाच विचारलं, पण बोलले.

"उद्या पप्पांना प्रश्न विचारणार तो तोच आहे, आबा."

"मग?"

"मग पप्पांनी प्लास्टिकचं सांगितलं की तो म्हणेल, हे मी परवाच ऐकलंय. यांच्या मुलीनं हॉटेलात पाठ म्हणून दाखवलंय. आता बापाकडून पाठ करून घेतलंय." तिचा आवाज कोटातून बाहेर पडून घरचा झाला होता. "म्हणून मी म्हणत होते, दुसऱ्या शब्दांत सांगा."

"आगं पर एका दुखन्याला दुसरं शब्द कुटनं आनायचं?" अनिता म्हणाली. तिचा राग गेला होता. त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

*

अमृतला वाटलं होतं आपण चिडू. पण राग येईना. त्याला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

"करून दाव," तो म्हणाला.

"काय, पप्पा?"

"तितं केलंस ते. मला बघायचंय."

"नको ना, पप्पा. पाया पडते."

"चाळीस-पन्नास मानसांनी बघितलं. मी बघितलं तर काय व्हतं? माझंच हाय न्हवं? कैलास, तिला बसाय काय तरी दे."

कैलासनं पाण्याचा रिकामा ड्रम पालथा घालून दिला. समीक्षानं आईकडं बघितलं. मग ती बांधापर्यंत गेली आणि तिथून चालत आली.

अमृतनं स्वतःला चालताना कधी बघितलं नव्हतं. घरातला आरसा तोंडापुरता होता. आपण जरा लंगडतो, एवढंच त्याला माहीत होतं. समोरून येणारं माणूस लंगडत नव्हतं, स्वतःला ओढून आणत होतं. त्याला वाटलं, कोणीतरी उठून या माणसाला हात द्यावा.

ती ड्रमच्या कडेवर टेकली. गुडघ्यावर हात ठेवला. श्वास घेतला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि उठली.

वारा नव्हता. भाताच्या उडव्यांच्या बाजूनं चिमण्यांचा कालवा येत होता.

"त्ये काय केलंस?" अमृतनं विचारलं. "उठायच्या आधी."

समीक्षा रडत होती. "तुम्ही बघता ना, पप्पा. कोणी बघतंय का ते."

"मी बघतो?"

त्यानं अनिताकडं बघितलं.

"बघता," अनिता म्हणाली.

"आये?"

बयाबाई पदराच्या आतून म्हणाली, "आमी न्हाई रं बघत तुझ्याकडं. तू उठाय लागला की मी चुलीकडं तोंड करते. चुलीत काय नसलं तरी फुकत बसते."

"मी डबी हुडकतो," आबा म्हणाले. "खिशात आसली तरी हुडकतो."

"मी फोन काढतो," कैलास म्हणाला.

ते सगळे खाली बघून बोलत होते, चूक कबूल करावी तसे. अमृतला एकेक आठवत गेलं. चुलीवर वाकलेली आई. कोपरीचा खिसा चाचपणारा बाप. गेलं वर्षभर त्याला वाटत होतं, आपण हुशार आहोत. आपलं हे उठणं-बसणं अजून घरात कोणाला कळलेलं नाही. पाय गेला, काम गेलं, रात्र हातात राहिली नाही, पण ही एवढी एक गोष्ट आपण राखली. रोज सकाळी तो ती राखायचा. आणि रोज सकाळी घरातली सगळी माणसं त्याला ती राखू देत होती.

"उद्या मी येत न्हाई," तो म्हणाला.

"पप्पा, असं करू नका. तुम्ही उलटतपासाला उभे राहिला नाहीत तर तुमचं म्हणणं वाचतसुद्धा नाहीत. दावा पडेल."

"पडू दे."

"पडू दे म्हंजी?" अनिता पुढं आली. "मग मी काय जलमभर लोकांच्या बंगल्यातली भांडी घासू? आपल्या दोघांचं म्हातारपन कशावर काढायचं? तुमची लाज तुमच्यापाशी. माझं काय?"

"तुझं खरं हाय."

"खरं हाय तर चला."

"जाऊन काय सांगू?" अमृतचा आवाज चढला नाही. "माझ्यापाशी सांगन्यासारखं एवढंच व्हतं. पोरीनं सांगून टाकलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं तिनं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता मी उद्या तितं चाललो तर त्यो वकील म्हनंल, पोरीसारखं जमत न्हाई बापाला. मीच तिची नक्कल केल्यासारखं व्हईल."

"आरं, आसं का म्हनतो," आबा म्हणाले. "मी येतो संगट. मी सांगतो जजला, माझा ल्योक खोटारडा न्हाई."

"आबा, त्याला काय पुरावा म्हणत नाहीत हो," समीक्षा म्हणाली.

"मग कशाला म्हनतात? बापानं सांगितलेलं चालत न्हाई, बायकोनं सांगितलेलं चालत न्हाई, आन पोरीनं सांगितलेलं तर बुडवाय निघालंय."

कैलास म्हणाला, "दाखल्यात कायतरी घालता येईल का? माझ्या वळखीचा डॉक्टर हाय." अनिता म्हणाली, सहा महिने मागं सांगायचं होतं. बयाबाई म्हणाली, आता भांडू नका, तिन्हीसांज व्हतीया. अनिता कैलासवर उखडली, तुमी तितल्या तितं पोरीचा हात धरून तिला भाईर का काढली न्हाई? कैलास म्हणाला, नोकरी हाय माझी, वयनी. आबा त्याला म्हणाले, नोकरीपायी भावाचा तमाशा बघत उभा ऱ्हायला. पण हे म्हणताना ते त्याच्याकडं बघून बोलले. कैलासच्या डोळ्यांत पाणी आलं ते टोमण्यामुळं की बापाच्या बघण्यामुळं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

अमृत त्यांचं ऐकत होता आणि ऐकत नव्हता. पोटात खालच्या बाजूला जडपणा आला होता. कधीकधी असा जडपणा यायचा, आणि तेवढाच त्याला इशारा असायचा. मग घाई करून गोठ्यामागं जावं लागायचं. कधी पोचायचा, कधी नाही.

आता उठायला हवं होतं.

त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. श्वास घेतला. आणि त्याची मान डावीकडं वळायला निघाली, ती त्यानं जागीच धरली. मान धरली तर कंबर हलेना. पाचही माणसं समोर होती. उठलो तर ते सगळं पुन्हा होणार होतं, आत्ताच बघितलेलं. ते त्याला आता आतून करता येत नव्हतं. बाहेरून दिसत होतं.

त्यानं हात गुडघ्यावरून काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

भांडण चालूच होतं. मग ते संपत आलं. बयाबाईला गुरांचं आठवलं.

"जावा समदी आत," अमृत म्हणाला.

"आन तू?"

"मी येतो मागनं."

अनितानं त्याच्याकडं एकदा बघितलं. तिला कळलं. तिनं सासूचा दंड धरला, दिराला म्हणाली, "भावजी, आबांस्नी न्या आत. च्या टाकते पुन्यांदा." इतक्या मोठ्यानं म्हणाली की कोणाला मागं थांबता येऊ नये. ती सगळी बांध ओलांडून गेली.

समीक्षा थांबली. अंगातला कोट काढून तिनं हातावर घेतला. "पप्पा, मी पुढची तारीख मागून बघते. मी कोर्टाची माफी मागते, मी सगळं..." ती बोलत बोलत जवळ आली आणि मध्येच थांबली.

खुर्चीखालची माती काळी झाली होती. ओल हळूहळू पुढं सरकत पाचोळ्याखाली जात होती.

कालच्या हॉलमधल्या कोणाही वकिलाला एवढं पुरलं असतं. कोर्टाला दाखवायचा तो दिवस हाच होता. तिच्या डोळ्यांतून ते सगळं सरकून जाताना अमृतला दिसलं. घरात तीच एक होती, जिनं त्याच्याकडं नीट बघितलं होतं. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला, ती काय करते याची वाट बघत.

समीक्षानं तोंड फिरवलं. मग कोट चाचपला, खिशात काही शोधल्यासारखं केलं, आणि घराकडं चालायला लागली.